नेताजींचा मृत्यू आणि दिग्दर्शकाची जबाबदारी

प्रश्न : १८ ऑगस्ट १९४५ रोजी तैहोकू (आजचे तैवानमधील तैपेई) येथील विमान अपघातात नेताजींचा अंत झाला, हे सरकारने चौकशीसाठी नेमलेल्या शाहनवाज समितीने व खोसला आयोगाने मान्य केले, मुखर्जी आयोगाने मात्र नाकारले. मग दिग्दर्शकाने काय दाखवावे?

प्रतिसाद १ : सृजित मुखर्जींनी ‘गुमनामी’ (२०१९) या बंगाली चित्रपटात मुखर्जी आयोगापुढील सुनावणीच पडद्यावर आणून निरनिराळ्या शक्यता मांडल्या. मला हा मार्ग प्रामाणिक वाटतो.

प्रतिसाद २ : मार्ग प्रामाणिक आहे, पण नेताजी आणि फैजाबादचे गुमनामी बाबा (ज्यांना काहीजण नेताजीच मानत, ते साधू) या दोन्ही भूमिका प्रसेनजित चटर्जी यांनीच केल्यामुळे प्रेक्षकाचे मन आपोआप एका बाजूला झुकते, आणि बाबा हेच नेताजी असल्याचा निर्णायक पुरावा मुखर्जी आयोगालाही मिळाला नव्हता, ही महत्त्वाची गोष्ट मागे पडते.