खाडीवर पीएचडी होत आली, आता पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं संशोधनाचं काम) कुठे शोधू?

भाट्याची_तिसरी: नमस्कार मंडळी. भाट्याच्या खाडीतल्या तिसऱ्यांमध्ये (खाण्याच्या शिंपल्यांमध्ये) साठणारे जड धातू, हा माझा विषय. थिसिस सबमिट झालाय, व्हायवा (तोंडी परीक्षा) बाकी आहे. मुलगा बालवाडीत, सासर रत्नागिरीत, त्यामुळे गोवा किंवा मुंबई बरी. वर्ष-दोन वर्षं परदेशी जायलाही घरातून ना नाही. रोज जाहिराती चाळते. पोस्टडॉक म्हणून काही दिसतच नाही. गाईड म्हणतात, "थांब, बघू." किती थांबायचं?

दोनापावला: ताई, जाहिरात येते, पण बहुतेकदा 'रिसर्च असोसिएट' या नावाने. दोनापावलाची एनआयओ (राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था), ताळगावचं गोवा विद्यापीठ, मुंबईत वर्सोव्याची सीआयएफई (केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था), यांची पानं बघत राहा. केंद्राच्या प्रकल्पांत जानेवारी २०२३ पासूनचा दर आरए-१ ला (रिसर्च असोसिएटची पहिली पायरी) महिना ५८,००० आणि वर घरभाडं. पण प्रकल्प संपला की पगार संपला. रुजू व्हायच्या आधी "निधी कधीपर्यंत आहे?" हे तोंडावर विचारायचं, लाजायचं नाही. एका ठिकाणी माझा गणपतीतला पगार होळीला हातात पडला होता.

दुसरी वाट स्वतःच्या फेलोशिपची. पूर्वी केंद्राचं संशोधन मंडळ एसईआरबी देत असे ती एन-पीडीएफ (राष्ट्रीय पोस्टडॉक फेलोशिप) आता त्याच्या जागी आलेल्या एएनआरएफकडे आहे. मुदत दोन वर्षं. वयाची अट ३५, बायकांना पाच वर्षं सवलत. अर्जाला ज्यांच्याकडे जायचं त्या मार्गदर्शकाची संमती आणि त्यांच्या संस्थेचं पत्र लागतं, म्हणून अर्ज निघायच्या आधीच माणूस गाठून ठेवा. निघाल्यावर धावाधाव करणाऱ्यांना कोणी दारात उभं करत नाही.

आता मेल. "आदरणीय सर, मला आपल्या लॅबमध्ये संधी द्यावी" असले मेल प्राध्यापकांना ढिगाने येतात आणि न वाचता जातात. तुमच्याकडे जून ते सप्टेंबरचे नमुने आहेत ना? पावसात खाडीचं पाणी जवळजवळ गोडं होतं, होडी घालणं मुश्कील, म्हणून पुष्कळांच्या पेपरांत नेमका तोच काळ कोरा असतो. असा एक पेपर शोधा आणि लिहा: "तुमच्या आलेखात पावसाळा नाही. माझ्याकडे भाट्याचा आहे. क्षारता उतरल्यावर तिसऱ्यांतलं कॅडमियम कसं बदलतं, ते तुमच्या पद्धतीने तपासायचंय." बास. सीव्ही दोन पानी.

हर्णैकर_जर्मनीत: वरचं शंभर टक्के. इकडे पोस्टडॉक ही बहुधा करारावरची पगारी नोकरी असते. युरॅक्सेस या युरोपातल्या संशोधन-नोकऱ्यांच्या साइटवर जाहिराती मिळतात. ब्रेमेनला उष्णकटिबंधातल्या समुद्रावर काम करणारं लायब्निझ केंद्र आहे, तिथे बघा. युरोपियन युनियनच्या मारी क्युरी फेलोशिपचा अर्ज तुम्ही आणि यजमान संस्था मिळून करता, शेवटची तारीख साधारण सप्टेंबरात. तोवर पीएचडी हातात हवी, तेव्हा व्हायवाच्या मागे लागा.

भाट्याची_तिसरी: दोघांचे आभार. पावसाळी नमुने म्हणजे डोकेदुखी समजत होते मी! शिफारसपत्र गाईडचंच हवं का? ते मेलला उत्तर देत नाहीत.

दोनापावला: गाईडचं नसेल तर समोरच्याला शंका येते, तेव्हा मेल सोडा आणि केबिनबाहेर जाऊन बसा. मसुदा आपणच टाइप करून न्या, सही लवकर होते. दुसरं पत्र बाहेरच्या परीक्षकांकडे मागा. पण व्हायवा झाल्यावर हां, आधी नको.