बाळसं की सूज? ('उसळी', 'झेप' आणि 'उभारी'बद्दल)

कात्रणवही: एप्रिल ते जून २०२१ या तिमाहीत जीडीपी २०.१ टक्क्यांनी वाढल्याचे आकडे ३१ ऑगस्टला आले होते. त्या सुमाराची कात्रणं लावत होते. कुठे 'उसळी', कुठे 'झेप', कुठे 'उभारी'. तिन्हींचा अर्थ एकच का? आणि अशी वाढ खरी वाटत नसेल, तर मराठीत काय म्हणावं?

उंबरठा: ताई, मुळीच एक नाहीत. झेप घेणारा आपल्या पायांच्या जोरावर घेतो. उसळी चेंडूची. तो जितका जोरात आपटेल तितका वर येतो, त्यात त्याची स्वतःची ताकद नसते. उभारी सावकाश येते; 'तापातून उठला, पण अजून उभारी नाही' असं आपण म्हणतोच.

आता स्थिर किमतींतले, म्हणजे महागाईचा परिणाम वगळलेले, जीडीपीचे आकडे घ्या. २०१९ ची तीच तिमाही ३५.६६ लाख कोटी रुपये, टाळेबंदीत २६.९५ आणि २०२१ मध्ये ३२.३८. म्हणजे २०.१ टक्के वाढूनही दोन वर्षांपूर्वीपेक्षा सव्वातीन लाख कोटींनी कमीच. इथे 'उसळी' चालेल. 'झेप' लिहिणं मला चूक वाटतं.

शंका असेल तर आपला जुना प्रश्न आहेच: हे बाळसं की सूज? माझी आजी आल्यागेल्याच्या पायावर अंगठा दाबून बघायची. खळगा तसाच राहिला, तर म्हणायची, "अंग भरलेलं नाही बाई, सूज आहे."

सुताचा गुंडा: आमचं इचलकरंजीत कापडाचं आहे. आमच्याकडचा शब्द 'उठाव', म्हणजे मालाला टिकून राहणारी मागणी. २०२० च्या दिवाळीआधी गाड्या भरून माल गेला. मी खुशीत होतो. वडील म्हणाले, "दुकानदारानं रिकाम्या फळ्या भरल्या. गिऱ्हाइकानं कुठं घेतलंय अजून? संक्रांतीनंतर त्याच दुकानातून परत मागणी आली, तर उठाव म्हण." तुंबलेली खरेदी एकदम बाहेर पडणं वेगळं आणि उठाव वेगळा, हे मला तेव्हा कळलं.

कात्रणवही: फारच छान. मग 'सावरली' कधी लिहायचं? तेही खूप दिसतंय.

उंबरठा: तोल जाता जाता राहिला, तर सावरला. २०२० च्या त्या तिमाहीत घसरण २४.४ टक्क्यांची होती, म्हणजे पडणंच झालं. पडलेला माणूस उठतो, सावरत नाही. 'पूर्वपदावर आली' हा शब्द मला सगळ्यांत प्रामाणिक वाटतो, कारण तो ताडून बघता येतो. पूर्वपद ३५.६६, तिथे पोचल्याशिवाय लिहू नये. आणि दादा, संक्रांतीनंतर मागणी आली का?

सुताचा गुंडा: आली. दिवाळीच्या निम्मी. वडिलांनी त्या वर्षी नवीन माग घेतले नाहीत.