चीनच्या शहरांत परदेशी माणूस: कायमचा पाहुणा?

शेवग्याची शेंग (धागालेखिका)

चीनहून परत आलेल्यांची दोन ठरलेली मतं ऐकू येतात. एक, काय त्या गाड्या, काय ते रस्ते! दोन, गूगल नाही, व्हॉट्सॅप नाही, खायचे हाल. मी सुझोउमध्ये राहते आणि तिथल्या एका शाळेच्या आंतरराष्ट्रीय विभागात भौतिकशास्त्र शिकवते. मला ही दोन्ही मतं पर्यटकाची वाटतात. राहायला लागलं की तिसरीच गोष्ट टोचते: हे शहर माझं आदरातिथ्य करतं, पण मला हिशेबात धरत नाही.

रोजचं बघा. इथे प्रत्येक नागरिकाला १८ अंकी ओळखक्रमांक असतो आणि दवाखान्याची वेळ, संग्रहालयाची आगाऊ नोंदणी, सिमकार्ड, बँक, भाड्याची सायकल, सगळं त्याच्यावर उभं आहे. माझ्याकडे पासपोर्ट, म्हणजे एक अक्षर आणि सात आकडे. काही ॲप ते मुकाट घेतात, काही लाल अक्षरांत ‘क्रमांक चुकीचा’ म्हणून परत पाठवतात. नावाचं तर विचारूच नका. चिनी नाव दोन-तीन अक्षरांत आटोपतं. माझं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव ही आगगाडी बँकेत एका क्रमाने आणि दवाखान्यात दुसऱ्या क्रमाने लागली, की दोन्ही माझीच आहेत हे सिद्ध करत बसायचं. खिडकीपलीकडे माणूस असला तर काम होतं, हेही सांगते. तिथली मुलगी फोनवर भाषांतर करून दाखवते, प्रसंगी स्वतः उठून बरोबर येते. पण दर वेळी कुणाच्या तरी चांगुलपणावर आपलं काम अडून असावं, याला मी सोय म्हणणार नाही.

शाळेत मुलं गोड आहेत. वर्गात प्रश्न विचारला की चिडीचूप, आणि रात्री दहाला त्यातलाच एक वीचॅटवर (इथलं व्हॉट्सॅपच म्हणा) पानभर गणिताचा फोटो पाठवून विचारतो, ‘अशी पद्धत चालेल का?’ दुपारी जेवणानंतर दिवे बंद करून अख्खा वर्ग बाकावर डोकं टेकून झोपतो. हे मला फार आवडतं, आपल्याकडेही सुरू करावं. पण शाळेचे निर्णय होतात चिनी भाषेतल्या वीचॅट गटावर. ऑक्टोबरच्या राष्ट्रीय सुट्टीची भरपाई म्हणून कुठल्या रविवारी शाळा भरणार, हे आम्हा परदेशी शिक्षकांना शुक्रवारी दुपारी कळतं. पालकसभेला मात्र आम्ही पहिल्या रांगेत!

यात द्वेष नाही. २०२० च्या जनगणनेत अख्ख्या चीनमध्ये परदेशी रहिवासी भरले सुमारे ८ लाख ४५ हजार, लोकसंख्या १४१ कोटी. एवढ्या मूठभरांसाठी कोण व्यवस्था बदलेल? पण म्हणूनच मला वाटतं, परदेशी माणूस इथे कितीही वर्षं काढो, पाहुणाच राहतो. राहिलेल्यांनी, फिरलेल्यांनी लिहा. सीमाप्रश्नावर वेगळे धागे आहेत, तो इथे नको.

कापडचोपड

ताई, रागावू नका, पण ही पगारदार माणसाची तक्रार झाली. मी इचलकरंजीचा. शाओशिंगजवळच्या कछ्याओच्या कापडबाजारात आणि यीवूला माझं वर्षानुवर्षांचं जाणं-येणं. कछ्याओत आपले इतके व्यापारी आहेत की संध्याकाळी रस्त्यावर गुजराती-सिंधी कानावर पडतं. यीवूच्या घाऊक बाजारात ७५ हजारांच्या घरात गाळे आहेत, आणि गाळ्यावरची बाई कॅल्क्युलेटर अन् चार इंग्रजी शब्दांवर साऱ्या जगाशी धंदा करते. तिथे मला कुणी पाहुणा समजत नाही. उधारी थकली तर पाहुण्याच्या दारात कुणी येऊन बसतं का?

पोलीस नोंदणीचं तुम्ही काढलं नाहीत, पण पुढे कुणीतरी काढेलच. परदेशी माणसाची नोंद २४ तासांत व्हायला हवी, हॉटेलात उतरलात तर हॉटेलवाला करतो. मग आपल्याकडे काय वेगळं आहे? परदेशी माणूस लॉजवर उतरला की मालकाला २४ तासांत त्याच्या नोंदीचा अर्ज, आपण ज्याला सी फॉर्म म्हणतो तो, भरावा लागतो. माझा चिनी पुरवठादार आमच्या गावी आला तेव्हा एकेका लॉजवाल्याने हात वर केले, शेवटी त्याला कोल्हापूरला नेऊन ठेवला. यूपीआय त्याला चालत नव्हतं, चहाचे पैसेही मीच देत होतो. तुमचा सगळा लेख तो इचलकरंजीबद्दल जसाच्या तसा लिहू शकतो.

घाटमाथा

कापडचोपड यांच्याशी सहमत, कारण मात्र वेगळं. धागालेखिकेची तक्रार शिळी होत चालली आहे. जुलै २०२३ पासून अलीपे आणि वीचॅट पे या पैसे भरायच्या दोन्ही चिनी ॲपांत परदेशी व्हिसा कार्ड किंवा मास्टरकार्ड जोडता येतं. २०० युआनपर्यंतच्या खरेदीवर जादा शुल्क नाही, त्यावर ३ टक्के. मार्च २०२४ मध्ये एका व्यवहाराची मर्यादा १ हजार डॉलरवरून ५ हजार केली. ‘परदेशी घेत नाही’ म्हणणाऱ्या हॉटेलांना त्याच वर्षी सरकारने समज दिली. शांघाय, शिआन, चेंगदू, चोंगचिंग असा फिरलो, नेलेली रोकड बरीचशी तशीच परत आणली. रेल्वेला पासपोर्ट हेच तिकीट. बीजिंग-शांघाय १३१८ किलोमीटर साडेचार तासांत, आणि डब्यात उकळतं पाणी फुकट, म्हणजे उपम्याच्या पाकिटांची चिंता मिटली.

१८ अंकांचं म्हणाल तर कायम रहिवासाचं जे नवं कार्ड डिसेंबर २०२३ पासून देतात, त्यावरचा क्रमांकही १८ अंकीच आहे. म्हणजे तुमची अडचण त्यांच्या लक्षात आली आणि त्यांनी सोडवलीही.

शेवग्याची शेंग

घाटमाथा, तुमच्या यादीत पैसे खर्च करायच्या सोयी आहेत. त्या सुधारल्या, मान्य. पर्यटक हवेत म्हणून सुधारल्या. युरोपातल्या बऱ्याच देशांना, मलेशियालाही बिनव्हिसा प्रवेश आहे. डिसेंबर २०२४ पासून वाटेत थांबणाऱ्यांना २४० तास व्हिसाशिवाय राहता येतं, त्या यादीत भारत नाही. ते नवं कार्ड फार थोड्यांना मिळतं, माझ्या ओळखीत एकालाही नाही.

आणि नोकरदाराचं काय? कामाचा परवाना मालकाशी बांधलेला असतो. नोकरी सोडली तर जुन्या मालकाने सोडचिठ्ठी द्यायची, परवाना रद्द करायचा, मग नवा. एका सहकाऱ्याला आधीच्या शाळेने ही चिठ्ठी द्यायला इतकं तंगवलं की निवास परवाना संपत आला आणि नवी नोकरी हातची गेली. अलीपेवर कोणतंही कार्ड जोडा, यावर उपाय नाही.

कापडचोपड, तुमचं सी फॉर्मचं म्हणणं बिनतोड आहे. पण आपल्याकडेही तसंच आहे म्हणून इथलं बरोबर, हे मला पटत नाही.

अजिंक्यतारा

लेखातलं ‘यात द्वेष नाही’ हे वाक्य मला खटकलं. मास्तरकी मीही केली आहे, चेंगदूला. जन्म लेस्टरचा, आजोळ सातारा. पासपोर्ट ब्रिटिश, पदवी ब्रिटिश. नियम असा की परदेशी भाषाशिक्षकाने आपली मातृभाषा शिकवायची, आणि पदवीला जोड म्हणून अनुभव किंवा अध्यापनाचं प्रमाणपत्र हवं. कागदावर मी चोख बसत होतो. तरी दलालांचा पहिला निरोप एकच: फोटो पाठवा. फोटो गेला की जागा नुकतीच भरलेली असायची.

शेवटी ज्या खाजगी शिकवणी वर्गात लागलो, तिथे एक रशियन पोरगा होता. इंग्रजी कामचलाऊ, केस पिवळे. नवे पालक आले की नमुना तास तो घ्यायचा, फी भरून झाली की वर्ग माझ्याकडे. पालकांनी कधी नाक मुरडलं नाही. एका आजींना तेवढी हळहळ वाटायची की भारतीय माणूस असून हा गणित का शिकवत नाही! म्हणजे खोट होती ती मालकांच्या अंदाजात, आणि तो अंदाज सगळ्या बाजारात सारखाच होता. यालाच मी भेदभाव म्हणतो. तुमच्या शाळेत पालकसभेला पहिल्या रांगेत कुणाला बसवतात आणि त्यात गोरे किती, हे एकदा बघा.

जुलै २०२१ मध्ये सरकारने शालेय विषयांच्या नफ्यासाठी चालणाऱ्या शिकवण्यांवर बंदी घातली. मुलांचं ओझं आणि आईबापांचा खर्च कमी करायचा म्हणून. हेतूबद्दल माझी तक्रार नाही, दहा वर्षांची मुलं रात्री नऊला माझ्यासमोर पेंगायची. पण आमच्या मालकाने शटर ओढलं आणि शेवटचा पगार बुडाला. तेव्हा ‘पाहुणा’ हा शब्द तुम्हीच ठेवा, शेवग्याची शेंग. आम्ही दुकानाच्या काचेतले पुतळे होतो.

एकमत

इतका त्रास होतो तर जायचं कशाला तिथे? आपल्या देशात शिक्षक कमी आहेत का?

कापडचोपड

एकमत, तुमच्या शर्टाची बटणं कुठली आहेत ते आधी बघा, मग बोलू.

सिद्धेश्वर

सोलापूरकर म्हणून राहवत नाही. आपले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले. पथकात नागपूरचे डॉ. चोळकरही होते. बाकीचे परतले, कोटणीस राहिले. चिनी शिकले, चिनीतून वैद्यक शिकवलं, बेथ्यून रुग्णालयाचे प्रमुख झाले, परिचर्या शिकवणाऱ्या ग्वो छिंगलान यांच्याशी लग्न केलं आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तिथेच गेले. शिजियाझ्वांगला त्यांची समाधी आणि पुतळा आहे. त्यांना तिथे कुणी पाहुणा म्हणतं का? भाषा शिका, त्यांच्यात मिसळा, मग बघा. शुक्रवारी दुपारी रविवारच्या शाळेची बातमी कळते, कारण गटावरचं चिनी तुम्हाला वाचता येत नाही.

शेवग्याची शेंग

सिद्धेश्वरदादा, शेवटचं वाक्य लागलं. वाचायला शिकते आहे. पण त्या गटात परदेशी शिक्षकांना घेतलेलंच नाही, तेव्हा वाचता येऊन उपयोग नाही. कोटणीसांबद्दल तुमच्याइतकाच आदर आहे. पण ते युद्धात, फौजेबरोबर, खेड्यापाड्यांतून राहिले आणि १९४२ मध्ये कम्युनिस्ट पक्षाचे सदस्यही झाले. न्यूटनचे नियम शिकवायला तिथवर जावं लागणार असेल तर मी पाहुणीच बरी!

दंडबैठक

मी योग शिकवतो, कुनमिंगला. इथल्या युन्नान मिंझू विद्यापीठात २०१५ साली भारताच्या सहकार्याने योग महाविद्यालय निघालं, तेव्हापासून या शहराला योगाचं वेड जास्तच आहे. मी खाजगी केंद्रात आहे. अजिंक्यतारा, फोटो आम्हालाही मागतात, फक्त इथे भारतीय चेहऱ्याला भाव आहे. माझा एक केरळी मित्र, धर्माने ख्रिश्चन, शरीरशास्त्र उत्तम शिकवतो. त्याला केंद्रवाल्यांनी दाढी वाढवायला आणि गळ्यात रुद्राक्ष घालायला सांगितलं. त्याने दाढी वाढवली, रुद्राक्षाला नाही म्हणाला. तेव्हा पुतळ्याचं म्हणणं मान्य.

पण पाहुणा? संकुलातल्या बायका संध्याकाळी चौकात स्पीकर लावून नाचतात. त्यांच्या कंबरदुखीवर दोन आसनं दाखवली, तेव्हापासून माझं लग्न जमवायचं त्यांनी मनावर घेतलं आहे. इमारतीच्या वीचॅट गटात मी आहे. पाणी कधी जाणार, कुणाच्या कुत्र्याने जिन्यात घाण केली, सगळं मला कळतं. परवा माझ्या वरच्या मजल्यावरून गळती झाली तर सगळ्यांत मोठ्याने तिसऱ्या मजल्यावरच्या काकू भांडल्या. सरकार मोजत नसेल, गल्ली मोजते. कुठल्याही गावात राहणं म्हणजे मला तरी हेच वाटतं.

(शाकाहाराबद्दल विचारतील म्हणून: देवळांजवळची बौद्ध शाकाहारी उपाहारगृहं धरा. बाकीकडे टोफूत खिम्याचे कण निघतात.)

अजिंक्यतारा

दंडबैठक, काकूंना नमस्कार. पण निवास परवाना संपला की काकू काय करणार? भाड्याच्या घराची गळती आणि देशातला मुक्काम, दोन्हीसाठी भांडायला त्याच येणार का? गल्लीत सामावलेला माणूस एका कागदावर बाहेर जातो, हा धाग्याचा मुद्दा आहे आणि त्याला अजून कुणी उत्तर दिलेलं नाही.

कापडचोपड

असं उत्तर कुठल्या देशाकडे आहे ते सांगा. दुबईत तीस वर्षं काढलेला आमचा मावसभाऊ व्हिसा संपला तेव्हा परतच आला ना? मग चीनलाच वेगळी फूटपट्टी का?

शेवग्याची शेंग

कारण दुबईत दुकानदारापासून दवाखान्यापर्यंत सगळीकडे त्याच्यासारखेच परदेशी होते, आणि तिथली यंत्रणा परदेशी माणूस गृहीत धरूनच बांधलेली आहे. परवाना तिथेही संपतो, पण तो असेपर्यंत रोज ‘क्रमांक चुकीचा’ दिसत नाही. माझा मुद्दा परवाना संपण्याआधीच्या दिवसांचा आहे.

पिंपळपान

चर्चा चालू दे, मधेच विचारते. गणितात एमएस्सी, बीएड, एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत चार वर्षं शिकवलं आहे. हांगझोउहून विचारणा आली आहे. ‘आधी व्यवसाय व्हिसावर या, महिन्याभरात बदलून देतो’ म्हणतात. जावं का?

शेवग्याची शेंग

अजिबात नको. शिकवायचं तर झेड व्हिसाच, म्हणजे नोकरीचा व्हिसा, लागतो, आणि त्याआधी शाळेने तुमच्या नावाने कामाच्या परवान्याची पूर्वसूचना (सरकारी पत्र) काढायला हवी. ती त्यांनी पाठवली नाही तर तिकीट काढू नका. पदवी आणि पोलिसांचा चारित्र्य दाखला प्रमाणित करून ठेवा, त्यात वेळ जातो. विषय शिक्षकांना इंग्रजीच्या शिक्षकांसारखी देशाची अट आड येत नाही, हा आपला फायदा. करारात तास, घरभाडं आणि नोकरी सोडताना सोडचिठ्ठी किती दिवसांत देणार, हे लिहून घ्या.

अजिंक्यतारा

+१. आणि करार चिनी आणि इंग्रजी दोन्हींत असेल तर चिनी मजकूर बाहेरच्या माणसाकडून वाचून घ्या. वाद झाला की बहुधा तोच ग्राह्य धरतात.

दंडबैठक

जाऊ नका हे बरोबर, पण हांगझोउ सोडू नका. दुसरी शाळा बघा. कुनमिंगला यायचं असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, काकू घर शोधून देतील.