मदत हवी आहे: काजूच्या टरफलांवर वीज आणि ड्रायर दोन्ही चालेल का?
नमस्कार मंडळी. वेंगुर्ल्याजवळ आमचा छोटा काजू कारखाना आहे. ऐन हंगामात, मे महिन्यात वीज गेली की कटिंग ठप्प, आणि आवारात टरफलांचा ढीग. गॅसिफायरवर (टरफलं कमी हवेत तापवून त्यांचा जळाऊ गॅस करणारं यंत्र) इंजिन चालवून वीज घ्यायची, असा विचार आहे. गॅस इंजिनात साधारण एक तृतीयांश ऊर्जेचीच वीज होते, बाकी बहुतेक उष्णता इंजिन थंड करणाऱ्या पाण्यातून आणि धुरातून निघून जाते. आमच्या ड्रायरला ७० अंशांच्या आसपासचीच हवा लागते, मग ही उष्णता वाया का घालवायची?

भीती आहे ती टरफलातल्या तेलाची. त्याचा डांबरासारखा चिकटा व्हॉल्व्हवर बसला तर इंजिनच जाईल. तेल काढून घेतलेली टरफलं वापरावीत का? की बॉयलर आणि छोटं स्टीम टर्बाइन बरं? कुणी प्रत्यक्ष चालवत असेल तर कृपया सांगा, बघायला येतो.