प्रवाळ पांढरं पडलं म्हणजे मेलंच का?

निळाई: पाणी तापलं की प्रवाळ पांढरं पडतं. समुद्र तर कुणी थंड करू शकत नाही. मग मासेमारीवर मर्यादा, नांगर टाकायला मनाई, सनस्क्रीनवर बंदी, यातून नेमकं वाचतं काय?

खोलपाणी: पांढरं म्हणजे मेलेलं नव्हे, उपाशी. प्रवाळाच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं आणि ९० टक्क्यांपर्यंत ऊर्जा तेच पुरवतं. उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा पाणी १ अंशाने जास्त असं काही आठवडे राहिलं, की शैवाल बाहेर टाकलं जातं आणि पारदर्शक मांसातून चुन्याचा सांगाडा दिसतो. १ अंश जादा, ४ आठवडे, म्हणजे ४ 'डिग्री हीटिंग वीक्स'. इथे ब्लीचिंग, म्हणजे पांढरं पडणं, सुरू होतं. ८ च्या पुढे मोठी मर.

त्याआधी पाणी निवलं तर शैवाल परत येतं, आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. सांडपाण्यातून, खतांतून नायट्रोजन आला की मोठं शैवाल फोफावतं आणि मेलेल्या भागाची जागा बळकावतं. प्रवाळाच्या नव्या अळ्यांना (पिल्लांना) चिकटायला खडकच उरत नाही. हे शैवाल खाऊन खडक साफ ठेवतात पोपटमासे आणि सी अर्चिन (काटेरी गोल समुद्री जीव). जमैकात शैवाल खाणारे मासे आधीच उपसले होते. १९८३-८४ च्या साथीत काळे सी अर्चिन मेले आणि खडक शैवालाखाली गेले.

भरती_ओहोटी: नांगराचं नुकसान लोक कमी लेखतात. गोलसर भरीव प्रवाळ वर्षाला जेमतेम १ सेंटीमीटर वाढतं, आणि वाऱ्याबरोबर बोट फिरली की साखळी अख्खं वर्तुळ घासते. मूरिंग बोया (बोट बांधायचा, तळाशी पक्का केलेला तरंगता गोळा) असेल तर तोच धरा, नाहीतर वाळूत नांगर टाका, साखळी फिरेल तेवढी जागा मोकळी बघून. डायव्हिंगला जादा वजन नको: सिलिंडरमध्ये ५० बार हवा उरली असताना, ५ मीटरवर, हवा भरायचं डायव्हिंग जॅकेट रिकामं ठेवून तरंगता यायला हवं. पायातल्या फिनने (पोहायच्या वल्ह्याने) उडालेली वाळू प्रवाळावर बसते आणि ती झटकायला त्याला चिकट स्राव सोडत ऊर्जा घालवावी लागते.

खोलपाणी: सनस्क्रीनचं थोडक्यात. ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनोक्सेट असलेल्या क्रीमच्या विक्रीवर हवाईत २०२१ पासून बंदी आहे. प्रयोगशाळेत अपाय दिसतो, पण खुल्या समुद्रात तेवढी मात्रा असते का यावर वाद आहे. सांडपाण्यापुढे हा मुद्दा किरकोळच. पूर्ण बाह्यांचा रॅश गार्ड (पोहायचा अंगाबरोबर बसणारा शर्ट) घाला, क्रीम आपोआप कमी लागतं.

निळाई: पाण्यात बघून जिवंत की मेलेलं कसं ओळखायचं?

भरती_ओहोटी: स्वच्छ, चकचकीत पांढरं आणि जवळून पॉलिप (प्रवाळाचे इवले जीव) दिसतात, तर अजून जीव आहे. हिरवट-तपकिरी लव चढली असेल, तर तो भाग गेला.