पायरसीला ‘चाचेगिरी’ म्हणायचं का?

भरतीओहोटी

नमस्कार मंडळी. आमच्या खाडीकाठच्या गावातलं (रत्नागिरी जिल्हा) वाचनालय कॉलेजच्या मुलांसाठी एक पत्रक काढतंय. विषय आहे गाणी फुकटात उतरवून घेणं आणि पुढे पाठवणं. मूळ मजकूर इंग्रजीत आहे आणि मराठी करायचं काम माझ्याकडे आलंय. ‘म्युझिक पायरसी’ला मी ‘संगीताची चाचेगिरी’ लिहिलं. मसुदा एका जुन्या सभासदांना दाखवला, तर काकांनी त्या शब्दावर पेन्सिलीने काट मारली. म्हणाले, “हा शब्द आपल्या किनाऱ्यावर इतक्या सहज वापरू नये. इंग्रज कान्होजींना काय म्हणायचे ते आठव.”

मग ‘चोरी’ केलं. त्यावर भाचा म्हणाला, “मावशी, चोरी झाली की वस्तू जाते. इथे कोणाचं काय गेलं?” मला उत्तर देता आलं नाही आणि ते मनाला लागून राहिलंय.

‘फाइल शेअरिंग’चंही असंच. ‘वाटप’ म्हटलं तर रेशनचं वाटतं. ‘सामायिक करणे’ म्हटलं की सातबाऱ्यावरची सामायिक विहीर डोळ्यांपुढे येते. पत्रक शुक्रवारी छापायला जायचंय. सुचवा.

दर्यासारंग

तुमच्या काकांशी मी पूर्ण सहमत. मराठ्यांच्या लेखी कान्होजी सरखेल, म्हणजे आरमाराचे प्रमुख, इंग्रजांच्या कागदांत पायरेट. कान्होजींचं म्हणणं एवढंच होतं, की या पाण्यातून व्यापार करायचा तर आमचं दस्तक, म्हणजे परवाना, घ्या. पोर्तुगीज जवळजवळ दोनशे वर्षं हेच करत होते. त्यांचं कार्ताझ (त्यांचा परवाना) नसलेलं गलबत ते जप्त करत, आणि त्याला ‘समुद्रावरची सत्ता’ असं भारदस्त नाव होतं. इंग्रजांनी आंग्र्यांचं दस्तक मानलं नाही, त्यांची जहाजं अडवली गेली, की लगेच आंग्रे चाचे! १७२९ला कान्होजी गेले, १७५६ला इंग्रजांनी विजयदुर्ग घेतला, आणि पुढे इतिहासही त्यांनीच लिहिला. आज मुंबईतल्या नौदलाच्या तळाला आंग्र्यांचंच नाव आहे.

परवाना द्यायचा अधिकार कोणाचा, यावर तो सगळा झगडा होता. तुमच्या पत्रकाचा विषयही परवान्याचाच आहे. म्हणून तर हा शब्द इथे फार जपून वापरायला हवा.

कातळशिल्प

दर्यासारंग, तुमची भावना समजते, पण आंग्रे चाचे नव्हते म्हणून जगात चाचे नव्हतेच असं होत नाही. वर्तमानपत्रं ‘सोमाली चाचे’ लिहितात तेव्हा कोणाला कान्होजी आठवत नाहीत. शब्द निर्दोष आहे.

माझा आक्षेप दुसराच आहे. परवान्याशिवाय पुस्तक छापणाऱ्याला पायरेट म्हणायची रीत इंग्लंडात सतराव्या शतकात पडली, म्हणजे १७१०च्या तिथल्या पहिल्या कॉपीराइट कायद्याच्याही आधी. छपाईची मक्तेदारी राखून असलेल्यांना सोयीचं असं ते नाव होतं. ते आपण जसंच्या तसं का घ्यायचं? आपल्याकडे ‘प्रताधिकार’ हा नेटका शब्द आहे. त्यावरून ‘प्रताधिकारभंग’ करा. १९५७चा आपला कायदाही याला चोरी म्हणत नाही, हक्काचा भंगच म्हणतो. फौजदारी कायद्यातल्या चोरीसाठी जंगम वस्तू कुणाच्या तरी ताब्यातून हलावी लागते. तेव्हा तुमच्या भाच्याचं व्याकरण बरोबर आहे. मात्र भंगाला शिक्षा नाही असं त्याने समजू नये. कलम ६३ खाली सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड आहे.

तिठा

कातळशिल्प, ‘प्रताधिकारभंग’ हा शब्द माझ्या दुकानात सहा वर्षांत एकाही गिऱ्हाइकाच्या तोंडून आला नाही. लोक काय म्हणायचे ते सांगतो, कारण तो धंदा मीच केलाय.

२००८ ते २०१४ तिठ्यावर माझं मोबाईलचं दुकान होतं. रिचार्ज, कव्हर, आणि गाणी. शब्द होते ‘टाकून देणे’ आणि ‘भरून देणे’. “दोन जीबीचा कार्ड आसा, भरून दी.” “मुंबयक जातंय, भजनां टाक.” त्याआधी कॅसेटलाही ‘भरणे’च होतं. कोरी कॅसेट आणि गाण्यांची यादी दिली की दुकानदार भरून द्यायचा. कार्डामागे मी वीस-तीस रुपये घ्यायचो. गणपतीला चाकरमानी आले की दिवसाला चाळीस-पन्नास कार्डं व्हायची. चोरी हा शब्द मनाला शिवलासुद्धा नाही. कोणी म्हटलं असतं तर मीही तुमच्या भाच्यासारखंच बोललो असतो, “गाणा थंयच आसा मां, मग चोरलंय काय?”

माझे सख्खे काका डबलबारीचे, म्हणजे दोन बुवांच्या भजनाच्या सामन्याचे, बुवा. त्यांनी पदरचे पैसे घालून एका बारीची सीडी काढली होती, हजार प्रती. जत्रेत स्टॉल लावून स्वतः विकायला बसायचे. ती सीडी माझ्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर मीच चढवली होती, लोक मागत होते म्हणून. ‘बुवांची बारी’ असं फोल्डर होतं. किती कार्डांत गेली, मोजदाद नाही. काकांच्या घरात पुढे कितीतरी वर्षं सीड्यांचे खोके पोटमाळ्यावर होते. मला ते कधी एका शब्दाने बोलले नाहीत. दुकानात येऊन चहा पिऊन जायचे.

म्हणून ताई, भाच्याला सांगा, वस्तू जाते. मला ती त्या पोटमाळ्यावर दिसायची.

आमराई

तिठा, मनापासून लिहिलंत.

भाच्याच्या प्रश्नावर मला आमच्याकडची (देवगड) रीत आठवते. रायवळ आंबा वाटेवर पडलेला असला तर तो कोणीही उचलावा. त्याला ‘उचलला’ म्हणतात, ‘चोरला’ नाही. पण तोच माणूस हापूसच्या कलमाखाली दिसला तर राखणदार काठी घेऊन धावतो आणि गावही राखणदाराच्याच बाजूने उभा राहतो. आंबा दोन्हीकडे पडलेलाच. फरक एवढाच, की कलमाला कोणीतरी खत घातलेलं असतं, फवारणी केलेली असते, कर्ज काढलेलं असतं. रायवळ आजोबा-पणजोबांनी लावला आणि सोडून दिला.

गाण्यांतही रायवळ आणि कलमं आहेत असं मला वाटतं. फुगडीची गाणी, ओव्या, शिमग्यातली गाणी रायवळ. काकांची सीडी कलम. पत्रकात ‘उचलणे’ वापरून बघा.

कातळशिल्प

उपमा छान, पण कायद्यात ती तंतोतंत बसत नाही. एकाच गाण्यात रायवळ आणि कलम दोन्ही असतात. तुकोबांचा अभंग सगळ्यांचा, पण त्याला लावलेली चाल संगीतकाराची, आणि ध्वनिमुद्रण ज्याने काढलं त्याचं. शब्द आणि चाल यांचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं, ध्वनिमुद्रणाचा प्रकाशनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षं. १९६२ साली निघालेल्या तबकडीचं ध्वनिमुद्रण २०२३च्या १ जानेवारीला मोकळं झालं, पण त्यातले शब्द आणि चाल बहुधा अजून बांधलेलीच असणार.

जुनीवही

मी निवृत्त शिक्षिका, सिंधुदुर्ग. ‘उतरवून घेणे’ या शब्दाबद्दल कोणीच बोलेना, म्हणून लिहिते. भरतीओहोटी यांनी सुरुवातीलाच तो वापरलाय आणि डाउनलोडला तो किती सहज बसलाय! माझ्या वडिलांची भजनाची वही होती. दुसऱ्या गावचे बुवा आले की रात्री कंदिलाजवळ बसून त्यांच्या वहीतले गजर नि अभंग उतरवून घ्यायचे. उतरवून घेणं हे सेवेचं काम मानलं जायचं. पोथी उतरवून दुसऱ्याला देणं म्हणजे पुण्य. आणि आता तोच शब्द गुन्ह्याला!

पण त्या वहीचा एक नियम होता. नाममुद्रा बदलायची नाही. ‘तुका म्हणे’ आहे तिथे ‘तुका म्हणे’च. उतरवताना शेवटची ओळ गाळली तर वडील पान फाडायला लावत. तुकोबांच्या गाथेत त्यांच्या काळातल्या सालोमालोवर जी चीड आहे ती कशाची आहे? कोणी अभंग गायले म्हणून नाही. दुसऱ्याचं बोलणं आपलं म्हणून मिरवलं म्हणून. आमच्याकडे चोरी होती ती नावाची. प्रत काढण्याला कोणी चोरी म्हणत नसे. इंग्रजी शब्दाने हे दोन वेगळे अपराध एकाच पोत्यात भरलेत, असं मला वाटतं.

तिठा

बाई, माझ्या फोल्डरवर काकांचं नाव होतं. नाव मी राखलं होतं.

जुनीवही

खरं आहे. माझ्या नियमात तुमचे काका बसत नाहीत. वही उतरवून घेतली तरी पुढच्या वर्षी बुवांना बोलवावंच लागायचं, कारण गळा वहीत येत नव्हता. सीडीत गळाच येतो. मी याचा विचार केला नव्हता.

दर्यासारंग

मूळ शब्दाची व्युत्पत्ती कोणी दिली नाही. जुन्या पुस्तकांत ‘चांचा, चांचे’ असा अनुस्वार आहे. गुजरातीत ‘चांचियो’. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर राजुल्याजवळ चांच बंदर आहे, तिथून हे लोक यायचे म्हणून चांचे, असं माझं ठाम मत आहे. म्हणजे शब्द वरच्या किनाऱ्यावरून आला आणि पुढे आपल्याच सरखेलांना चिकटवला गेला.

कातळशिल्प

गुजरातीत ‘चांच’ म्हणजे चोच. चोचीसारख्या नाळेची (पुढच्या टोकाची) गलबतं वापरणारे ते चांचिये, असंही मानता येईल. ठाम कशाला व्हायचं?

दर्यासारंग

गावाचं नाव नकाशावर आहे. चोच तुमच्या कल्पनेत आहे.

रापण

‘शेअर’चा प्रश्न बाजूलाच पडला. आमच्याकडे रापणीत, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढायच्या मासेमारीत, ‘वाटा’ असतो. दोरी ओढायला हात लावला त्याचा वाटा, जाळ्याचा वेगळा, होडीचा वेगळा. किनाऱ्यावर बघत उभं राहिलेल्याचा वाटा नसतो, पण ओंजळभर तारली त्याच्याही पिशवीत टाकतात आणि त्याला कोणी वाटा म्हणत नाही. गाणं पुढे पाठवणाऱ्याने कुठली दोरी ओढली? मग तो ‘वाटतो’ कसला? त्याला ‘वाटणे’ हा शब्द देऊ नका, हे माझं मनापासून सांगणं. ‘पाठवणे’ म्हणा, ‘पुढे ढकलणे’ म्हणा.

आणि उलटंही सांगतो. मोठ्या कंपनीला वाटा मिळतो तेव्हा गाणाऱ्याला त्यातलं काय मिळतं, हेही पत्रकात लिहा. जाळंवाला सगळंच घेऊन गेला तर त्यालाही आमच्यात एक शब्द आहे, तो इथे लिहीत नाही.

कातळशिल्प

त्यासाठीच २०१२ची दुरुस्ती झाली. चित्रपटातल्या गाण्याचे हक्क करारात कितीही लिहून दिले, तरी सिनेमागृहाबाहेरच्या वापरावरचा गीतकार-संगीतकारांचा मानधनाचा वाटा त्यांच्याकडेच राहतो. आणि बुवांच्या बाबतीत: समोर बसून स्वतः ऐकण्यापुरतं बारीचं ध्वनिमुद्रण केलं तर कायद्याची हरकत नाही. तेच त्यांना न विचारता नेटवर चढवलं तर कलावंताच्या हक्काचा भंग. जत्रेत पहिल्या रांगेत मोबाईल धरून बसणाऱ्यांनी हे वाचावं.

आमराई

पण आज नव्या बुवांना सुपाऱ्या मिळतात त्या त्याच व्हिडिओंमुळे! मंडळं म्हणतात, “मोबाईलवर ऐकलं, हेच बुवा हवेत.” माझा चुलतभाऊ पखवाजाला असतो. तो म्हणतो, “कोणी चढवू नका म्हटलं तर आम्ही सावंतवाडीच्या पुढे कोणाला ठाऊक होणार?” आणि बारीत बुवा सिनेमाच्या चालीवर गजर म्हणतात, तेव्हा त्या संगीतकाराला कोण विचारतं?

जुनीवही

चाल ‘घेतात’. चोरतात असं कोणी म्हणत नाही, समोरचा बुवा सोडून.

भरतीओहोटी

सगळ्यांचे आभार. उद्या शुक्रवार. ‘चाचेगिरी’ काढलं, ‘चोरी’ काढलं. सध्या त्या जागी ‘न विचारता घेतलेली गाणी’ लिहिलंय. काकांना चाललं. भाचा म्हणतो, विचारायचं कोणाला, पत्ता द्या. तिठा, तुमची परवानगी असेल तर तुमच्या काकांच्या सीडीची हकिगत नाव न घालता पत्रकात घालू का?

तिठा

घाला. विचारलंत, बरं वाटलं.

रापण

आमराई, तुम्ही सुपारी लिहिलंत. भजनाची बिदागी ना? सुपारी आम्ही लग्नाच्या वाजपाला देतो.

जुनीवही

सुपारी म्हणजे ठरवताना हातावर ठेवतात ती, आणि बिदागी निघताना. माझ्या लहानपणी बिदागीत पैसे कमी आणि नारळ-तांदूळ जास्त असायचे. ‘बिदागी’ फारसीतून आला की अरबीतून, कोणाला सांगता येईल का?

तिठा

पावतीवर आता ‘मानधन’ असतं, बोलताना सगळे सुपारी म्हणतात. काका मात्र नेहमी ‘पान’ म्हणायचे. “औंदा पान किती?” असं. हा शब्द त्यांच्याशिवाय कोणाकडून ऐकलेला नाही. ते गेल्या माघात गेले, विचारायचं राहिलं. कणकवलीकडे कोणी ऐकलाय का?