शब्दचर्चा : ‘पाचारण’ नोकरीला लावता येतं का?

वानवडीकर : चर्चमधली तरुण मुलं हल्ली ‘माझं पाचारण आयटीत आहे’, ‘मला अजून पाचारण सापडलं नाही’ असं सर्रास म्हणतात. मराठीच्या आणि पवित्र शास्त्राच्या (बायबलच्या) दृष्टीने हे बरोबर आहे का? ‘हाक’ आणि ‘सेवा’ हे शब्द यापासून वेगळे कसे?

शब्दवेध : आधी क्रियापद पाहू. पाचारण ‘करतो’ तो बोलावणारा, आणि ज्याला बोलावलं त्याला पाचारण ‘होतं’. ‘अग्निशमन दलाला पाचारण करण्यात आलं’ या बातमीतही अर्थ तोच, काम सोपवण्यासाठी बोलावून घेणं. म्हणून ‘सापडलं नाही’ कानाला खटकतं. पाचारण ओळखतात, त्याची खात्री होते किंवा होत नाही. हाक क्षणाची असते, तिला ओ दिली की ती संपते. पाचारणात बोलावणं आणि सोपवलेलं काम दोन्ही येतं. ‘सेवा’ म्हणजे त्यातून घडणारं प्रत्यक्ष काम.

बायबलमधल्या प्रेषित पौलाच्या पत्रांत ज्या ग्रीक शब्दासाठी ‘पाचारण’ येतं तो ‘क्लेसिस’. इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात (4:1) झालेल्या पाचारणाला शोभेल असं चाला, ही विनंती सगळ्या मंडळीला, म्हणजे चर्चमधल्या सगळ्या विश्वासणाऱ्यांना आहे. तिथे पगार, पद, पदवी यांचा संबंधच नाही. पहिला अर्थ ख्रिस्ताकडे झालेलं पाचारण. ते ससूनमधल्या नर्सला आणि हिंजवडीतल्या इंजिनिअरला एकच.

खडकीकर : मग 1 करिंथकरांस 7:20? ज्या स्थितीत पाचारण झालं त्याच स्थितीत राहावं, असं तिथे आहे. ‘नोकरी बदलू नको’ हे सांगायला हेच वचन काढतात.

शब्दवेध : आणि 21 वं वचन सोडून देतात! दास असताना पाचारण झालं तर चिंता करू नकोस, पण मुक्त होता आलं तर ती संधी घे, असं पौल लगेच पुढे म्हणतो. म्हणजे नोकरी बदलण्यावर ती बंदी नव्हे. रोजच्या कामधंद्याला हा शब्द ठामपणे जोडला तो सोळाव्या शतकात जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने, जर्मन ‘बेरुफ’ (पाचारण, धंदा) वापरून. पुढे इंग्लिश धर्मशास्त्री विल्यम पर्किन्सने सर्वसाधारण पाचारण (ख्रिस्ताकडे झालेलं) आणि विशेष पाचारण (ज्याच्या त्याच्या कामाचं) अशी फोड केली. ‘माझं पाचारण आयटीत’ हे विशेष पाचारण म्हणून चालेल, पहिल्याच्या जागी बसवलं की चूक. नोकरी गेली की पाचारणही गेलं, असं वाटू लागतं ते इथूनच.

कॅम्पातला वाचक : कॅथलिकांत हा शब्द बहुधा धर्मगुरू किंवा धर्मभगिनी होण्यासाठीच ऐकू येतो. पाचारणांसाठीचा जागतिक प्रार्थना दिन 1964 पासून पाळला जातो, पुनरुत्थानकाळाच्या चौथ्या रविवारी.

वानवडीकर : आणि ओळखायचं कसं? त्या क्रियेला शब्द कोणता?

शब्दवेध : ‘पारख’. 1 थेस्सलनीकाकरांस 5:21 मध्ये सर्व गोष्टींची पारख करायला सांगितलं आहे. ‘निवड’ म्हटलं की सगळं आपल्याच आवडीवर येतं. पारखीत तपासणी असते, आणि ती एकट्याने होत नाही. धर्मसुधारक जॉन कॅल्विन मनातली साक्ष आणि मंडळीकडून येणारं बाह्य पाचारण वेगळं ओळखतो. सेमिनरीत, म्हणजे पाळक (चर्चचे धर्मगुरू) घडवणाऱ्या शाळेत, प्रवेश घेताना मंडळीचं शिफारसपत्र मागतात ते यासाठीच. प्रेषितांची कृत्ये 13 मध्ये बर्णबा आणि शौल (म्हणजेच पौल) यांना अंत्युखियाच्या मंडळीने उपासप्रार्थना करून, हात ठेवून पाठवलं.

खडकीकर : व्यवहारात सांगायचं तर राजीनाम्याआधी निदान 6 महिने ते काम शनिवार-रविवारी करून पाहावं. शिकवण्याची ओढ असेल तर संडे स्कूलचा एक वर्ग नेमाने घ्यावा, आणि मुलं काय शिकली हे दुसऱ्या शिक्षकाला विचारावं. स्वतःला विचारलं तर उत्तर नेहमी गोड येतं. पाळक, तुमचं काम जवळून पाहिलेली दोन माणसं आणि पती किंवा पत्नी यांचं मत वेगवेगळं घ्यावं. गृहकर्जाचा हप्ता, आईवडिलांचं औषधपाणी हेही त्याच कागदावर मांडावं. बायबलमध्ये यरुशलेमचा कोट पुन्हा बांधायला निघालेल्या नहेम्यानेही किसलेव ते निसान या यहुदी महिन्यांत, असे सुमारे चार महिने प्रार्थनेत घालवले, आणि राजाने विचारलं तेव्हा कामाची मुदत आणि लाकडाची गरज दोन्हींचं उत्तर नहेम्याकडे तयार होतं.

सगळ्यात जास्त फसगत होते ती वैतागाच्या काळात. अप्रेझल बिघडलं, मॅनेजरशी वाजलं, आणि त्याच आठवड्यात ‘पूर्णवेळ सेवेचं पाचारण’ जाणवलं, असं असेल तर थांबा. येशूसंघाचा (जेझुइटांचा) संस्थापक इग्नेशियस लोयोलाचा नियमच आहे : मन कोरडं, उदास असताना आधी केलेला निश्चय बदलू नये. त्याची आणखी एक कसोटी उपयोगी आहे. अगदी अनोळखी माणूस हाच पेच घेऊन आला तर त्याला काय सल्ला द्याल, ते लिहून काढा.

कॅम्पातला वाचक : एक जोड. ‘देवाने मला पाचारण केलंय’ हे वाक्य चर्चा बंद करायला वापरू नये. पारख सुरू असताना ‘मला असं पाचारण होत आहे असं वाटतं, तपासून पाहतो आहे’ म्हणावं. पाळकांनाही मग मोकळेपणाने ‘नाही’ म्हणता येतं.

शब्दवेध : आणि पाचारणाचं रूप आयुष्यात पुन्हा बदलू शकतं. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 मधला. बरीच वर्षं मिशनच्या सेवेत राहून 1917 मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा सुरू केला. ख्रिस्ताकडे झालेलं पाचारण तेच होतं, कामाची जागा बदलली. उलट पौल करिंथात तंबू करण्याचा धंदा चालू ठेवून वचन सांगत होता. म्हणून ‘पाचारण आहे म्हणजे नोकरी सोडायचीच’ हे गृहीत धरू नये.